बॅटरी उतरू नये म्हणून

त्रिंबक शिवशरणनं उभी हयात एसटी चालवली. रिटायर झाल्यावर फंडातून त्यानं आधी जुळे सोलापुरातलं घर पुरं केलं, आणि उरलेल्यातून एक जुनी पांढरी मोटार घेऊन दारात आणली. नागूबाई तेव्हा अंगणवाडीत सेविका होती. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "जलमभर स्टेरिंगच धरलंय, आता तरी सोडा की."

"आतापतूर लोकांस्नी फिरवलं," त्रिंबक म्हणाला, "आता तुला फिरवतो."

आणि त्यानं फिरवलंही. लग्न झाल्यापासून नागूबाईला नवऱ्याची ओळख होती ती मागून. त्याच्या गाडीनं कुठं जायचं म्हटलं की ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायची आणि जाळीतून तिला त्याची मान, खाकी कॉलर आणि घामानं चिकटलेले केस दिसायचे. मोटार आली तेव्हा पहिल्यांदा ती त्याच्या शेजारी बसली. गाडी चालवताना तो ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणतो, हे तिला इतक्या वर्षांनी कळलं. अक्कलकोटला नणंदेकडं, सांगोल्याला लेकीकडं, थंडीत कुणाच्या रानात हुरड्याला, अशी ती दोघं हिंडली. नागूबाईही रिटायर झाली आणि हिंडणं आणखी वाढलं.

मग त्रिंबकचे डोळे तपासायची वेळ आली. चौकात एका सायकलवाल्याला गाडी अगदी घासता घासता राहिली होती. तो बाजूनं आलेला दिसलाच नाही, असं त्रिंबक घरी येऊन म्हणाला आणि बराच वेळ पाणी पीत बसला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेचं दिसणं कमी झालंय, गेलेलं परत येणार नाही, पण रोज न चुकता थेंब घातले तर आहे ते टिकेल. आणि गाडी चालवायची नाही. जाताना स्वतः चालवत गेलेला माणूस येताना पुतण्याला, दिपकला, बोलावून त्याच्या शेजारी बसून आला. घरी आल्यावर त्यानं किल्ली खिळ्याला अडकवली. कुणाला दोष दिला नाही, चिडला नाही. फक्त रोज सकाळी ओलं फडकं घेऊन दारातली गाडी पुसायचा, तेवढं सोडलं नाही.

दिवाळीनंतर गाडी अशीच उभी होती. नात्यातला एक साखरपुडा निघाला तेव्हा दिपक गाडी चालवायला आला. नागूबाई नवं लुगडं नेसून मागं बसली, त्रिंबक पुढं. दिपकनं किल्ली फिरवली. टक् असा एक आवाज झाला आणि डॅशबोर्डावरचे दिवे मिणमिणून विझले. पुन्हा फिरवली. आता टक्ही नाही.

"सेलच घेत न्हाय, काका."

"बॅटरी उतरलीय," त्रिंबक म्हणाला. तो खाली उतरला, बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला आणि मग घरात निघून गेला. साखरपुड्याला दिपक आणि नागूबाईच गेली, रिक्षानं. परत आली तर हा तसाच अंधाऱ्या खोलीत, बाहेर जायच्या कपड्यात बसलेला. "सर्विसला असताना," तो म्हणाला, "माजी गाडी कदी डेपोतनं ढकलत काढावी लागली न्हाय."

दुसऱ्या दिवशी नागूबाईनं महादेवप्पाला फोन केला. महादेवप्पा पूर्वी डेपोतच इलेक्ट्रिशियन होता. नोकरी सुटल्यावर त्यानं भवानी पेठेत बॅटऱ्यांचं छोटं दुकान टाकलं होतं. घरी कानडी बोलणारा हा माणूस मराठीही तशाच झोकात बोलायचा. आपल्या स्कूटरच्या पुढ्यात नवी बॅटरी ठेवूनच तो आला, कारण फोनवर ऐकूनच त्याला अंदाज आला होता.

"ड्रायव्हरसाब, किती दिवस उभी केलात हिला?"

"दिवाळीपास्नं."

"अय्यो! मग तिनं तरी काय करावं?" त्यानं बॉनेट उघडलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरी-हिरवट बुरशी फुलून आली होती. मीटर लावून त्यानं मान हलवली. "चार्ज करून देतो म्हटलं तर देईन की. पण चार दिवसांत परत उतरणार. आतल्या प्लेटा गेल्यात. बघा वैनी, लोकांना वाटतं गाडी चालवून बॅटरी झिजते. ती उभी राहून जास्त मरते. गाडी बंद असली तरी घड्याळ, लॉक, कायबाय थोडं थोडं पीतच असतं. पिऊन पिऊन रिकामी झाली आणि तशीच राहिली की संपली."

"मग ऱ्हाऊ दे," त्रिंबक म्हणाला. "नवी टाकून चालवणार कोण? दिपक येईल त्यो बोलावल्यावर. इकून टाकू गाडी."

हे तो अगदी सहज म्हणाला. पण नागूबाईनं पाहिलं, बोलताना त्याचा अंगठा गाडीच्या पत्र्यावरून एकाच जागी पुढंमागं फिरत होता. तिथं एक बारीक ओरखडा होता, तो त्यानंच रंगाच्या पेन्सिलीनं बुजवलेला.

"नवी टाका वो महादेवप्पा," ती म्हणाली.

"नागू, अगं—"

"टाका म्हनलं की."

महादेवप्पानं पाना काढला. आधी काळी वायर सोडली, मग लाल. नागूबाई जवळ येऊन बघत होती. लहान मुलांना शिकवण्यात जन्म गेलेला, त्यामुळं न कळलेलं विचारायची तिला लाज नव्हती.

"काळीच का पयली?"

"गाडीचा सगळा पत्रा काळ्या वायरीला जोडलेला असतो, वैनी. लाल सोडताना पाना पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते. काळी आधी काढली की भ्या नाही. लावताना उलटं. लाल आधी, काळी शेवटी."

वायरींच्या टोकांवर त्यानं गरम पाणी ओतायला सांगितलं. बुरशी फसफसून वाहून गेली आणि खालचं शिसं चकचकीत दिसायला लागलं. कोरडं पुसून त्यानं नवी बॅटरी बसवली, वरची पट्टी आवळली, वायरी घट्ट केल्या, आणि नागूबाईकडून व्हॅसलीनची डबी मागून दोन्ही टोकांना बोटानं लेप दिला. जुनी बॅटरी स्कूटरवर ठेवली. "हिच्यात ॲसिड असतं, शिसं असतं. कुठं कोपऱ्यात टाकू नका, मी कंपनीला परत देतो."

किल्ली फिरवल्याबरोबर गाडी गुरगुरली. त्रिंबकचा चेहरा क्षणभर उजळला आणि नागूबाईला वाटलं, बस, एवढ्यासाठी तरी टाकायलाच हवी होती.

निघताना महादेवप्पा म्हणाला, "आठवड्यातनं एकदा तरी अर्धा तास रस्त्यावर पळवा हं. नुसती जाग्यावर चालू ठेवाल तर पेट्रोल जाईल आणि बॅटरी उपाशीच राहील. आणि चालवायला कुणीच नसेल तर काळी वायर काढून ठेवा."

दिपक दोन-तीन रविवार आला. मग त्याच्या टॉवेलच्या कारखान्यात पाळ्या बदलल्या आणि येणं थांबलं. त्रिंबकनं काळी वायर काढून ठेवली.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी नागूबाई चहाचा कप घेऊन बाहेर आली. त्रिंबक गाडीत बसला होता, ड्रायव्हरच्या सीटवर, काचा वर केलेल्या. त्याचे दोन्ही हात स्टेरिंगवर होते. डावा पाय दाबला जात होता, हात गिअरवर जात होता, पाय अलगद सुटत होता. पुन्हा दाबला, पुन्हा गिअर. मध्येच त्यानं आरशात बघितलं आणि कुणालातरी वाट दिल्यासारखा हात बाहेर काढायला गेला. तो काचेला लागला. नागूबाई पावलांचा आवाज न करता आत गेली. चहाचा कप तसाच ओट्यावर ठेवला आणि तिथंच उभी राहिली. विकायची असती तर त्यानं त्या दिवशी विकली असती. आणि विकली तर हा माणूस संध्याकाळी कुठं बसेल, हे तिला सुचेना.

सकाळी भाकरी थापता थापता तिनं सांगून टाकलं, "मी शिकते गाडी."

त्रिंबक आधी हसला. मग ती हसत नाही असं पाहून रागावला. "ह्या वयात? हातपाय मोडून घ्याचेत का?"

"बॅटरी बसवलीय नवी. तिला उपाशी ठेवायची का?"

"बॅटरीसाटी कोन गाडी शिकतं का गं?"

"मी शिकते," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

ड्रायव्हिंग स्कूलचा युवराज हा तिच्याच अंगणवाडीतून गेलेल्या एका मुलीचा मोठा भाऊ निघाला. तो तिला मावशी म्हणायचा आणि त्याच्या पायाशीही एक ब्रेक होता, म्हणून तिला धीर आला. पहिले काही दिवस गाडी तिच्या हाताखाली बिथरल्यासारखी उड्या मारायची. आसरा चौकात भर रहदारीत ती बंद पडली आणि मागं हॉर्नचा एकच कल्लोळ झाला. युवराज घाबरा होऊन काही सांगायच्या आत नागूबाईनं काच खाली केली, मान बाहेर काढली आणि ज्या आवाजात तिनं वर्षानुवर्षं रडणारी पोरं गप केली होती, त्या आवाजात म्हणाली, "गप की जरा! शिकतीया न्हवं!" हॉर्न खरोखरच थांबले. एका टेम्पोवाल्यानं तर हात जोडले. मग तिनं शांतपणे क्लच दाबला, सेल मारला आणि निघाली.

लायसन हातात आलं त्या दिवशी तिनं ते आधी त्रिंबकच्या हातात दिलं. त्यानं ते डोळ्यांच्या अगदी समोर, जवळ धरलं. "फोटू बरा आलाय," एवढंच म्हणाला. पण संध्याकाळी शेजारच्या सुंदरम्मांना त्यानं कुंपणावरून हाक मारून सांगितलं, "आमच्या हिला लायसन मिळालं बरं का, पयल्याच टेस्टला." विणकर घरातल्या सुंदरम्मांनी तेलुगूत काहीतरी कौतुकाचं म्हटलं आणि लगेच साखरेची वाटी घेऊन आल्या.

खरी परीक्षा पुढंच होती. रविवारी सकाळी त्रिंबकनं काळी वायर पुन्हा जोडली आणि ती दोघं निघाली, विजापूर रोडला. नागूबाई स्टेरिंगवर आणि त्रिंबक शेजारी. पहिल्या गतिरोधकापासूनच त्याचा पाय समोरच्या पत्र्यावर आपटायला लागला, जणू तिथंही ब्रेक आहे.

"हळू. हळू गं! त्यो ट्रक बग. डावीकडं घे. लई डावीकडं नगं! इंडिकेटर. अगं इंडिकेटर दे की!"

नागूबाईनं इंडिकेटर दिला, गाडी बाजूला घेतली आणि एका लिंबाखाली उभी केली.

"ही बस न्हाय. आन तुमी कंडक्टर बी न्हाय," ती म्हणाली. "एक तर गप बसा, न्हायतर उतरा. सात नंबरची सिटी बस येईल, तिनं या."

त्रिंबक गप्प बसला. दोन्ही हात मांडीवर घेऊन, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा. गाडी पुन्हा रस्त्याला लागली. बरंच अंतर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "बोलू का?"

"बोला."

"गिअर टाक. इंजान वरडतंय."

तिला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. तिनं गिअर बदलला आणि गाडी एकदम हलकी झाली, पाण्यावरनं चालल्यासारखी. तिला हसू आलं. "हे सांगत जावा. तुमाला ऐकू येतंय ते सांगा. रस्ता मी बगते."

तेव्हापासून रविवार ठरून गेला. निघण्याआधी त्रिंबक बॉनेट उघडायचा. वायरीची टोकं स्वच्छ आहेत ना बघायचा, थोडी जरी पांढुरकी दिसली की काळी वायर सोडून गरम पाणी ओतायचा, पुसायचा, व्हॅसलीन लावायचा. हे काम तो कुणाला करू देत नसे. नागूबाई पदर खोचून किल्ली घेऊन येईपर्यंत तो बॉनेट बंद करून, हात धुऊन शेजारच्या सीटवर बसलेला असे. हळूहळू तो पुन्हा गुणगुणायलाही लागला. बॅटरी ठणठणीत होती. गाडी पहिल्या सेलला चालू व्हायची.

उन्हाळा सुरू व्हायच्या सुमाराला सांगोल्याहून कीर्तीचा फोन आला. लेक तिथं दवाखान्यात नर्स होती आणि जावई यशपाल शाळेत शिक्षक. त्यांच्या मुलीचा, बुद्धप्रियाचा, वाढदिवस होता. "आई, एसटीनं या. घ्यायला येईन स्टँडवर."

"आमी गाडीनं येतो," नागूबाई म्हणाली.

"कोण आणतंय? दिपक?"

"मी आणते."

पलीकडं इतका वेळ शांतता पसरली की फोन कट झाला असं वाटून नागूबाईनं तो कानापासून काढून बघितला.

इतक्या लांब ती पहिल्यांदाच निघणार होती. आदल्या दिवशी तिनं शेंगापोळ्या केल्या, शेंगाचटणीचा डबा भरला. सकाळी त्रिंबकनं नेहमीपेक्षा जास्त वेळ बॉनेटमध्ये डोकं घातलं. ती दोन हाका मारून आली तरी त्याचं चाललेलंच होतं.

"झालं का?"

"झालं, झालं. लांबचा पल्ला हाय. नीट बगाया नगं?"

मंगळवेढ्यापर्यंतचा प्रवास इतका छान झाला की नागूबाईला आपला अभिमान वाटायला लागला. दोन्हीकडं ज्वारी काढून मोकळी झालेली काळी रानं होती. ऊन अजून चढलं नव्हतं. मंगळवेढा मागं टाकल्यावर रस्त्याकडेला एक पत्र्याची चहाची टपरी दिसली तेव्हा तिनं ऐटीत गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. टपरीवाली बजाबाई तिच्याच वयाची, कपाळावर ठसठशीत गोंदण असलेली बाई होती. तिनं आधी नागूबाईकडं बघितलं, मग त्रिंबककडं, मग पुन्हा नागूबाईकडं.

"तुमी चालवत आला व्हय बाई?"

"व्हय."

"सोलापुरास्नं?"

"व्हय की."

"आन हे नुसतं बसून?" बजाबाईनं त्रिंबककडं हनुवटी केली आणि तोंडाला पदर लावून हसली. चहात तिनं आलं भरपूर ठेचलं. त्रिंबकही हसत होता. "आता माजी ड्यूटी संपली," तो म्हणाला. "आता हिची चालू झाली."

चहा पिऊन दोघं गाडीत बसली. नागूबाईनं किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. टक् नाही, दिवा नाही, काही म्हणजे काही नाही. गाडी दगडासारखी थंड.

दिवे लावून आलो का आपण? पंखा? काय विसरलं? तिनं सगळी बटणं चाचपली. बुद्धप्रिया तिकडं वाट बघत असेल, आणि आपण कीर्तीला एवढं ठामपणे सांगितलं होतं, मी आणते.

"ढकलाया बोलवू का कुनाला?" बजाबाई टपरीतूनच ओरडली. "तितं शेळ्यावालं हायती."

"नगं," त्रिंबक म्हणाला. "बॉनेट उगड, नागू."

तिनं बॉनेट उघडलं. त्रिंबक उतरून आला आणि वाकला. त्याचा हात इंजिनावर थोडा फिरला, नळीला लागला, मग बॅटरीच्या कडेला, मग लाल टोकाला. ते तो हलवून बघत होता. आणि नागूबाईला, कशाला हात न लावता, उघड्या डोळ्यांनी दिसलं की काळी वायर आपल्या खुंटीवरून अर्धी वर आली आहे. नट सैल होता. तिनं बोट लावलं तर वायर गोल फिरली. पान्याच्या टोकानं शेजारच्या प्लास्टिकवर ठिकठिकाणी ओरखडे उमटले होते, नट सोडून भलतीकडंच पाना लागल्यासारखे.

तिला सगळं समजलं. सकाळचा तो वेळ. दोन हाका. 'झालं, झालं.'

"हे बगा की," ती सहज आवाजात म्हणाली, "वायर जराशी सुटलीया. रस्त्याचे धक्के बसून सैल झाली असंल."

त्रिंबकनं तिच्या आवाजाच्या रोखानं हात नेला. वायर चाचपली. नट चाचपला. मग हात मागं घेतला आणि सरळ उभा राहिला. रस्त्यावरून एक टँकर गेला, त्याची धूळ दोघांच्या अंगावर आली.

"रस्ता चांगला हाय, नागू," तो म्हणाला. "नवा केलाय. धक्का कुटं बसला एक तरी?"

तिनं हातातली वायर सोडली.

"मी आवळलाच न्हाय नीट. मला नट दिसत न्हाय. पान्याचं त्वांड कुटं बसतंय ते कळत न्हाय. समोरचं बी आता धुरकट झालंय, नुसतं कडंचं न्हाय."

"कवापास्नं?"

"झालं बरंच दिस."

"आन थेंब?"

त्रिंबकनं मान खाली घातली. "न्हाय घालत. पडतच न्हाईत डोळ्यात. हात थरथरतो, गालावर वघळतात. तुला किती येळा बोलवायचं? तुज्यामागं सगळंच. आन मला वाटलं, सांगितलं तर ह्ये बी काडून घ्याल. पाना बी ठिवणार न्हाय हातात."

नागूबाईला राग आला. डॉक्टर म्हणाले होते, आहे ते टिकेल. आणि हा माणूस आहे ते गालावरून वाहू देत होता, तिला त्रास नको म्हणून. ओरडावं असं तिच्या मनात आलं. पण तो उन्हात असा उभा होता, शर्टाची बटणं वर-खाली लावलेला, हे तिला सकाळपासून दिसलं नव्हतं. तिनं पुढं होऊन बटणं काढली आणि नीट लावली. बजाबाईनं तोंड फिरवून उगाच स्टोव्हला पंप मारला.

"पाना कुटं हाय?" नागूबाईनं विचारलं.

"मागं, डिकीत. फडक्यात गुंडाळून."

ती पाना घेऊन आली. त्याच्या हातात दिला. "धरा."

"अगं, मला—"

"धरा. मी लावते त्वांड, तुमी आवळा. माज्या हातात तेवढी ताकद न्हाय."

तिनं वायर खुंटीवर खाली दाबून बसवली, त्याच्या मनगटाला धरून पाना नटावर टेकवला. "बसला." त्यानं फिरवला. "आजून." त्यानं फिरवला. त्याच्या हातातला जोर अजून तसाच होता, बसचं स्टेरिंग वळवणारा. नट कुरकुरला आणि घट्ट झाला. नागूबाईनं वायर हलवून बघितली. जागची हलली नाही.

गाडी पहिल्या सेलला चालू झाली. बजाबाईनं चहाचे पैसे नको म्हणत हात हलवला आणि ओरडून सांगितलं, "माघारी येताना बी थांबा वो!"

थोडं पुढं गेल्यावर नागूबाई म्हणाली, "कीर्तीला सांगनार हाय मी."

"सांग," त्रिंबक म्हणाला. आणि मग, एखादं ओझं उतरवून ठेवल्यासारखा, "तिसऱ्यात टाक. चढ लागलाय."

सांगोल्यात कीर्ती दारातच उभी होती. आई खरंच गाडी चालवत आली हे बघून तिनं आधी टाळ्या वाजवल्या. वाढदिवस झाला, केक कापला, शेंगापोळ्या संपल्या. बुद्धप्रियानं आजोबांना ओढून अंगणातलं तिचं कोकरू दाखवायला नेलं आणि तो दाराच्या चौकटीला धडकला, तेव्हा नागूबाईनं लेकीला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. कीर्ती आधी वडलांवर भडकली, "अण्णा, मी नर्स आहे, मलासुद्धा नाही सांगितलंत?" आणि मग त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. त्रिंबक तिच्या पाठीवर थोपटत राहिला आणि म्हणाला, "चुकलं बाई. चुकलं."

दुसऱ्या दिवशी तिच्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं ती त्याला घेऊन गेली. डोळ्यातला दाब बराच वाढलेला होता. थोडी नजर आणखी गेली होती, ती काही परत यायची नव्हती. पण जे धुरकट दिसत होतं त्यात मोतीबिंदूचाही भाग होता, आणि त्याचं ऑपरेशन करता येणार होतं. "तोपर्यंत थेंब," डॉक्टरांनी बोट उगारून सांगितलं, "एकही वेळ चुकवायची नाही, आजोबा."

त्या दुपारी कीर्तीच्या घरी नागूबाईनं पहिल्यांदा थेंब घातले. त्रिंबक बाजेवर उताणा पडला, डोळे घट्ट मिटून. "उगडा की," ती म्हणाली. अंगणवाडीत पोरांना पोलिओचे डोस पाजून तिचा हात सरावलेला होता. एका बोटानं तिनं खालची पापणी ओढली आणि थेंब बरोबर आत पडला. गालावर काही आलं नाही.

"एवढंच हुतं व्हय?" तो म्हणाला.

"एवढंच हुतं."

तिसऱ्या दिवशी ती दोघं माघारी निघाली. यशपालच्या घरच्या बागेतल्या डाळिंबांची पेटी डिकीत होती. निघण्याआधी त्यांनी मिळून बॉनेट उघडलं होतं आणि यशपाल मागं उभा राहून बघत होता, आपली सासू सासऱ्याच्या मनगटाला धरून पाना कसा बसवते ते. त्याला हसू येत होतं पण त्यानं ते दाबलं. बजाबाईकडं चहा झाला. तिनं डाळिंबं घेऊन त्यांच्या बदल्यात आल्याची मुळं बांधून दिली.

मंगळवेढ्याच्या पुढं रस्ता सरळ झाला. नागूबाई गिअर बदलायच्या सूचनेची वाट बघत होती, पण ती येईना. तिनं तिरक्या नजरेनं बघितलं. त्रिंबकची मान खिडकीकडं कलली होती, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उलटे पडलेले. झोपला होता. दुसऱ्याच्या हातात गाडी असताना डोळा लागणं हे त्याला कधीच जमलेलं नव्हतं. स्वतःच्या वरातीतसुद्धा तो जीपच्या ड्रायव्हरला सूचना देत बसला होता, असं त्याची आई हसून सांगायची. नागूबाईनं वेग कमी केला. गतिरोधक दिसला की ती लांबूनच ब्रेक लावायची आणि गाडी अलगद वरून काढायची, पाळणा हलवल्यासारखी. इंजिन ओरडतंय का, हे ती आता स्वतःच ऐकत होती. आणि बरंचसं कळतही होतं.

जुळे सोलापुरात, दारात तिनं गाडी उभी केली. आवाज ऐकून सुंदरम्मा कुंपणाशी आल्या आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं. नागूबाईनं ओठांवर बोट ठेवलं. सुंदरम्मांनी गाडीत डोकावून बघितलं, मान डोलावली आणि पायातल्या चपला हातात घेऊन परत फिरल्या. किल्ली काढून नागूबाई तशीच बसून राहिली. घरात जायची घाई नव्हती. भाजी आणायची होती, ती नंतर आणता आली असती.